खतच आहे ना, मग ओढ्यात गेलं तर काय बिघडलं?

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सुपर फॉस्फेटचा कारखाना आहे. पहिल्या पावसात ओढ्यातले मासे मरून वर येतात, पाणी मात्र स्वच्छ दिसतं. विचारायला गेलं की म्हणतात आमचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) चोवीस तास चालू असतो, आणि शेवटी खतच आहे, पिकालाच मिळेल. सर, हे खरं का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, पिकाला मिळेल हे विसराच. फॉस्फेट साचत्या पाण्यात गेलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजायला लागली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. आणि तुमच्याकडे त्याच्याही आधीचा त्रास आहे, आम्ल आणि फ्लोराईड. रॉक फॉस्फेटच्या (फॉस्फेटच्या खडकाच्या) भुकटीवर सल्फ्युरिक ॲसिड घातलं की फ्लोरिनयुक्त वायू निघतो, तो स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुवायच्या यंत्रात, पाण्याने धुतात, ते पाणी आम्ल आणि फ्लोराईडने जहाल असतं पण दिसायला नितळ, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

ईटीपी चालू असेलही हो, पण पावसाचं पाणी ईटीपीत जातं का ते विचारा! बऱ्याच ठिकाणी पावसाची गटार वेगळी असते, उन्हाळाभर शेडबाहेर सांडलेली भुकटी, गळलेलं ॲसिड, सगळं पहिल्या सरीत धुऊन थेट ओढ्यात. आवारात फरशी, बंधारा आणि पहिलं पाणी अडवायची टाकी हवीच, यात तडजोड नको.

स्क्रबरचं पाणी तर बाहेर सोडायचं कारणच नाही, तेच परत ॲसिड पातळ करायला वापरता येतं. युरियाच्या कारखान्यातही पाण्यातला युरिया वाफेच्या उष्णतेने फोडून अमोनिया परत घेतात, म्हणजे मालही वाचतो. उरलेल्या पाण्यात चुना घातला की फ्लोराईड आणि फॉस्फेट गाळात बसतं, पण नुसत्या चुन्याने भागत नाही, पुढे तुरटीचा टप्पा लागतो आणि तो गाळ उघड्यावर टाकला तर परत तेच. साधं पाणी मिसळून आकडा खाली आणणं म्हणजे शुद्धीकरण नाही.

विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५, आणि उकळून ते जात नाही, उलट वाढतं. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको, फ्लोराईड काचेला लागतं. पुन्हा मासे मेले तर त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि पंचांसमोर नमुना घ्यायला लावा, दोन दिवसांनी ओढ्यात काही सापडत नाही.