कॉम्प्रेसर बदलण्याआधी लीक नेमका कुठे आहे ते दाखवायला सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहता, आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे, मार्चमध्ये गॅस भरला आणि जून उजाडायच्या आत एसी पुन्हा गरम हवा टाकायला लागला. एक गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेसर लीक आहे, अख्खा बदला. दुसरा म्हणतो, कशाला एवढा खर्च, पुन्हा गॅस मारू. ऐकायचं कुणाचं?

आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका. दुसरा तर दर उन्हाळ्याला तुमच्याकडून पैसे घेणार. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, की जाळला आणि संपला. सिस्टीम बंदिस्त असते, तीन महिन्यांत थंडावा गेला म्हणजे गॅस बाहेर गेला. पहिल्याचं निदान कदाचित बरोबरही असेल, पण त्याला एकच विचारा: कॉम्प्रेसरला लीक नेमका कुठे? "बघा ना, किती ओला झालाय" हे उत्तर चालणार नाही.

कॉम्प्रेसर इंजिनाच्या खालच्या बाजूला बसवलेला असतो. वरून टॅपेट कव्हरचं तेल झिरपलं, पॉवर स्टिअरिंगचा पाइप पाझरला, तरी ते येऊन कॉम्प्रेसरवरच पडतं. म्हणून आधी ओघळ वरून येतोय का ते बघा. टॉर्च मारून वरपासून खालपर्यंत माग काढला की अर्धी शंका तिथेच मिटते. एसीचं तेल गॅसबरोबर सिस्टीममध्ये फिरत असतं. गॅस बाहेर पडतो तेव्हा उडून जातो, तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ बसून काळपट ओलसर थर तयार होतो. छोट्या गाडीत गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. ४०० ग्रॅम धरला आणि त्यातला बहुतेक तीन महिन्यांत गेला असला, तरी दिवसाला तीन-चार ग्रॅमच जातात. इतका बारीक लीक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण तेलाची खूण मात्र सोडतो.

आता कॉम्प्रेसरच्या जागा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पुलीमागचं शाफ्ट सील. शाफ्ट बाहेर येतो तिथे फक्त या सीलच्या ओठामुळे गॅस आत अडून राहतो, आणि त्या ओठाला कायम तेलाचा ओलावा लागतो. आपल्याकडे थंडीत निफाडचा पारा घसरला की नाशिककर चार महिने एसीच्या बटणाला हात लावत नाहीत. सील कोरडं पडतं, आणि मार्चमध्ये एसी लावला की पाझरायला लागतं. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा तो यासाठी.

हे सील गेलं की त्याची खूण लपत नाही. पुली फिरताना तेल गोल उडवते, त्यामुळे पुलीच्या अगदी समोर, एका रेषेत, बाजूच्या प्लास्टिक कव्हरवर किंवा चॅसीवर तेलकट पट्टा उठतो. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, आणि पांढरा टिश्यू पुलीच्या मागच्या फटीत खालच्या बाजूने फिरवा. हिरवट-पिवळट तेल आलं तर संशय बळकट. कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या मॅग्नेट क्लचच्या प्लेटवर तेल गेलं असेल तर क्लच घसरतो आणि जळका वासही येतो.

बाकीच्या जागा म्हणजे बॉडीचे भाग जिथे बोल्टने जोडलेत तो सांधा, दोन पाइप जिथे येऊन बसतात तिथल्या ओ-रिंग, आणि मागचा रिलीफ व्हॉल्व्ह. पाइपच्या ओ-रिंगमधून लीक असेल आणि तुमच्या हातात कॉम्प्रेसरचं बिल आलं, तर फुकट गेलात! हिरव्या रबराच्या त्या दोन रिंगा अगदी किरकोळ किमतीत येतात. सर्व्हिस पोर्टमधली, म्हणजे गॅस भरायच्या तोंडातली पिन तर कॉम्प्रेसरचा भागच नाही. टोपी काढून त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. गॅस भरणारा घाईत असला की टोपी लावायला हमखास विसरतो.

खात्रीचा उपाय म्हणजे यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही (अतिनील) दिव्याखाली चमकणारा रंग. तो नीट वापरणारे कमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी इंजिनाची ती बाजू धुऊन कोरडी करून घ्यायची. मग डाय थोडाच टाकायचा, जास्त ओतला तर तेलाचा गुण बिघडतो. डाय टाकताना पोर्टभोवती जो सांडतो तो तिथल्या तिथे पुसायचा, नाहीतर पुढे दिवा मारल्यावर पोर्टच चमकतं आणि "पिन लीक आहे" असा शोध लागतो. मग गाडी एसी लावून चालवायची. शाफ्ट सील बऱ्याचदा शाफ्ट फिरताना आणि गरम असतानाच पाझरतं, त्यामुळे गॅरेजच्या दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काही कळत नाही. पांडवलेणीपासून इगतपुरीपर्यंत एक फेरी मारा, रोजचं जाणं-येणं चालू ठेवा, आणि आठवडाभराने अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही दिवा मारा. लीक असेल तिथे पोपटी चमक दिसते. एक अडचण मात्र आहे. पाऊस सुरू झाला की चाकाने उडवलेलं पाणी कॉम्प्रेसर खालून धुऊन काढतं, त्यामुळे कोरड्या आठवड्यात हे उरका. काही गाड्यांमध्ये डाय कंपनीतूनच असतो, तेव्हा टाकण्याआधी एकदा दिवा मारून बघायला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर तो नेहमी जोडाच्या खालून फिरवायला सांगा, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. पंखा बंद, वारा नको.

"व्हॅक्यूम मारला, काटा हलला नाही, म्हणजे लीक नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. मान डोलवू नका. व्हॅक्यूम मारणं म्हणजे पंपाने सिस्टीममधली हवा ओढून काढणं. व्हॅक्यूममध्ये बाहेरचा दाब आतल्यापेक्षा फार तर १४ पीएसआय जास्त असतो, आणि तोही बाहेरून आत ढकलणारा. एसी चालू असताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूला, दोनशे पीएसआय आणि त्याहून जास्त दाब आतून बाहेर ढकलत असतो. व्हॅक्यूम ओलावा काढण्यासाठी हवाच, पण लीक नाही याचा तो दाखला नव्हे. आणखी एक: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो. २९.९ येत नाही म्हणून कुणी लीक काढून दाखवत असेल तर हसून पुढच्या गॅरेजकडे वळा.

खरी प्रेशर टेस्ट नायट्रोजनने करतात, रेग्युलेटर लावून, साधारण १५० पीएसआयवर. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा सिस्टीममध्ये सोडू देऊ नका, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजनचं तर नावच नको, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

दाबाचे दोन काटे लावून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यांचंही तेच. इंजिन बंद आणि थंड असताना, ३० अंश तापमानाला, आर १३४ए या एसीच्या नेहमीच्या गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय असतो. पण आत १०० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर आकडा तोच राहतो. आकडा खूप कमी आला तर गॅस जवळपास संपलाय. खूप जास्त आला तर आत हवा शिरली आहे किंवा भलताच गॅस भरलाय. स्वस्तातला गॅस म्हणून ज्वलनशील मिश्रणं बाजारात फिरतात, आणि ती गरम इंजिनाशेजारी नकोच. किती गॅस उरलाय हे फक्त मशीनने बाहेर काढून वजन केल्यावर कळतं. काढायचा तर मशीननेच काढू द्या, हवेत सोडून नको. ४०० ग्रॅम आर १३४ए म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात साधारण ५७० किलो कार्बन डायऑक्साइड.

कॉम्प्रेसरवर काहीच सापडलं नाही तर रेडिएटरच्या पुढची कंडेन्सरची जाळी बघा. हायवेला ट्रकमागून गाडी चालवणाऱ्यांची जाळी खड्यांनी फुटते, तिथेही तेलाचा ओला डाग दिसतो. तिथेही नाही तर उरली डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल. तिचा माग पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरून काढतात. डाव्या बाजूला गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकतं ते लीक नव्हे, बरं का.

समजा, शाफ्ट सीलच निघालं. कॉम्प्रेसर आवाज करत नसेल, क्लच नीट धरत असेल, तेलात धातूचा चुरा नसेल, तर तुमच्या मॉडेलचं सील किट मिळतं का ते आधी विचारा. मिळालं आणि पुलर असलेला कारागीर भेटला तर मी सील बदलूनच घेईन. शाफ्टवर बोट फिरवून खाच लागली, तर मात्र नवं सील फार दिवस टिकणार नाही. मग कॉम्प्रेसर बदलणंच बरं. चुरा निघाला तर कंडेन्सरपर्यंत सगळी साफसफाई आली. लीक बंद करायचं म्हणून डब्यातलं सीलंट मात्र कुणालाही टाकू देऊ नका.

कुठलंही काम करा, सिस्टीम उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) नवा टाका. कॉम्प्रेसर बदलला तर जुन्यातलं तेल मापात ओतून मोजायला सांगा आणि नव्यातलं तेल त्या हिशेबाने ठेवायला लावा. तेल गाडीच्या स्पेसिफिकेशनचंच, आणि बाटली तुमच्या समोर फोडलेली. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आठवडाभर झाकण उघडं राहिलेली बाटली नको.

डाय टाकून झाला की पुलीचा, पाइपच्या जोडांचा आणि कॉम्प्रेसरच्या खालच्या बाजूचा फोटो इथे टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि स्टिकरवरचा गॅसचा आकडा लिहा.