आधी बेडका तपासा, मग औषध

मधुमेह, केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण यांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांच्या घरून पावसाळ्यात बरीच पत्रे येतात. गोंधळ बहुतेक तोच असतो, म्हणून त्यांतली काही इथे घेतो.

वडिलांची केमोथेरपी चालू आहे. रात्री १०१ ताप आला तर सकाळपर्यंत थांबावे का?

नाही. तडक रुग्णालयात न्या.

काका ५२ वर्षांचे, मधुमेह आहे. भातलावणीनंतर ताप, खोकला आला. एक्स-रेत डाग दिसला. बेडक्यात टीबी सापडला नाही, तरी दीड महिना टीबीच्या गोळ्या चालू आहेत. ताप उतरत नाही. शेजारी म्हणतात, टीबीला वेळ लागतोच.

शेजाऱ्यांचे ऐकत बसू नका. फुप्फुसातला प्रत्येक डाग टीबीचा नसतो. चिखलात आणि साचलेल्या पाण्यात बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय नावाचा जंतू असतो. पायावरच्या जखमेतून किंवा श्वासावाटे तो शरीरात शिरतो आणि मेलिऑइडोसिस होतो. १९११ साली रंगूनमध्ये हा आजार प्रथम ओळखला गेला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तो आढळतो. मधुमेह असणाऱ्यांना त्याचा सर्वांत जास्त धोका. एक्स-रेत तो हुबेहूब टीबीसारखा दिसतो, आणि टीबीच्या गोळ्यांनी बरा होत नाही. यकृतात, प्लीहेत गळवे होतात, रुग्ण दगावतो. निदान कल्चरनेच, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, होते: रक्ताचे, बेडक्याचे, गळू असेल तर पुवाचे. काही प्रयोगशाळा त्याला नुसते 'स्यूडोमोनास' (त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा जंतू) म्हणून सोडून देतात, म्हणून नमुना देतानाच मधुमेह आणि शेतकाम दोन्ही सांगा. उपचारात आधी किमान दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, मग निदान तीन महिने कोट्रायमोक्साझोल. बरे वाटले म्हणून मधेच सोडले तर आजार उलटतो. सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण उद्याच छातीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मेडिकलवाल्याने आईला लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिले, खोकला कमी झाला. तपासणी अजून हवी का?

हवीच. हे औषध टीबीलाही काही काळ दाबून ठेवते, आणि निदान लांबते. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकणे हा रुग्णाच्या जिवाशी चाललेला व्यापार आहे.

नेब्युलायझर (श्वासावाटे औषध देणारे यंत्र) नळाच्या पाण्याने धुतला तर चालेल?

शेवटी खंगाळायला उकळून गार केलेले पाणी घ्या, आणि भाग पूर्ण वाळवा. ओलाव्यात स्यूडोमोनास वाढतो.

भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. 'इम्युनिटी' वाढवणारी पावडर द्यावी का?

देऊ नका. नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली आहे. काही वनौषधींनी त्या औषधांचे प्रमाण बिघडते. त्यापेक्षा न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) आणि फ्लूच्या लशींबद्दल प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारा.