ब्रिटनमध्ये आमचं ऑफिस ७० मैल लांब हलवतायत, एचआर म्हणतंय "तिकडे या नाहीतर राजीनामा द्या". आम्ही ३५ जण आहोत, माझं वय ४४ आणि इथे ९ वर्षं झाली. काही हक्क आहेत का?

आहेत की. पण आधी एक सांगतो, राजीनामा अजिबात देऊ नका. स्वतःहून सोडलीत तर रिडंडन्सीचे (म्हणजे कामाची जागा किंवा कामच बंद झाल्याने नोकरी गेल्यावर मिळणारे) पैसे बहुतेक गेलेच म्हणून समजा, आणि एचआरला हे पक्कं माहीत असतं. मी आमच्या ऑफिसच्या वेळी कर्मचाऱ्यांचा निवडलेला प्रतिनिधी होतो, तेव्हा आम्हालाही अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं.

तिथला एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट १९९६ म्हणतो की तुम्ही ज्या जागी काम करत होतात तिथला धंदा बंद झाला तर ती रिडंडन्सी. कंपनी जोरात चालू असू दे, तुमचंच काम तिकडे दुसरं कोणी करणार असू दे, तरी. आणि ही जागा म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात रोज जाऊन बसता ती, असं कोर्ट ऑफ अपीलने १९९७ मध्येच सांगितलंय.

आता कॉन्ट्रॅक्ट काढून मोबिलिटी क्लॉज (कंपनी तुमची कामाची जागा बदलू शकते असं कलम) आहे का बघा, खरा घोळ तिथेच होतो. तो असेल तर कंपनी त्याच्या आधारे "तिकडे हजर व्हा" असा हुकूम काढू शकते आणि नाही गेलात तर सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून काढू शकते, मग रिडंडन्सीचा विषयच संपला. अर्थात तो वाजवी पद्धतीने वापरावा लागतो, शुक्रवारी सांगून सोमवारी हजर व्हा असं नाही चालत. क्लॉज नसेल तर नव्या जागेची नोकरी ही फक्त ऑफर. ती घ्यायची की नाही हे रागात ठरवू नका, कारण योग्य ऑफर विनाकारण नाकारली तरी पैसे जातात, पण मुलांची शाळा, घरी आजारी माणूस, रोजचा दोन्ही वेळचा प्रवास ही सगळी सबळ कारणं आहेत, ती ईमेलवर लिहून द्या, तोंडी बोलण्याला नंतर कोणी विचारत नाही. मन द्विधा असेल तर नव्या जागी ४ आठवडे ट्रायल घेता येते, जमलं नाही तर त्या मुदतीतच तसं कळवायचं, हक्क शाबूत राहतो.

पैशांचं म्हणाल तर किमान २ वर्षं नोकरी लागते, तुमची ९ झालीत. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १ आठवड्याचा पगार, ४१ नंतरच्या वर्षाला दीड. तुम्ही ४४ चे, म्हणजे ३ वर्षांचे साडेचार आणि ६ वर्षांचे ६, एकूण साडेदहा आठवडे. आठवड्याच्या पगाराला सरकारी कमाल मर्यादा आहे, ती दर एप्रिलला बदलते, त्यामुळे पगार जास्त असेल तर आकडा बघून थोडा हिरमोड होईल (कंपनीची स्वतःची स्कीम बरी असू शकते, विचारा). ३०,००० पौंडांपर्यंत यावर टॅक्स नाही. शिवाय ९ आठवड्यांची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे, हे वेगळे.

तुम्ही ३५ जण आहात असं लिहिलंय. २० किंवा जास्त लोकांना काढायचं असेल तर पहिला माणूस जायच्या किमान ३० दिवस आधी प्रतिनिधींशी सल्लामसलत सुरू करावी लागते. ती झाली नसेल तर एकॅसला (नोकरीच्या तंट्यांत सल्ला देणारी तिथली सार्वजनिक संस्था) फोन करा, फुकट आहे, आणि लवकर करा कारण ट्रायब्युनलच्या (नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाच्या) मुदती कडक असतात.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर मात्र नवा स्पॉन्सर (व्हिसासाठी हमी देणारी कंपनी) आजपासूनच शोधायला लागा, नोकरी गेल्याचं कंपनीने कळवलं की होम ऑफिस (तिथलं गृहखातं) साधारण ६० दिवसच देतं.