शून्य चार्जच्या पाटीमागचा भाव

मुलाला जर्मनीत प्रवेश मिळालाय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (मुलाच्या खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येणारे खाते) ११,९०४ युरो भरायचे आहेत. एक बँक हजार रुपये चार्ज सांगते, दुसरी म्हणते चार्ज शून्य. दुसरीकडेच जावे ना? – एक पालक, रावेर

जळगावच्या सराफ बाजारात 'मजुरी माफ' ऐकले की आपण आधी भाव विचारतो. बँकेत मात्र तोच माणूस गप्प बसतो! चार्ज ही मजुरी, विनिमय दर हा भाव. समजा बाजारात युरो १०० रुपये आहे आणि बँकेने तुम्हाला १०२ लावला, तर ११,९०४ युरोंवर २३,८०८ रुपये गेले. हजाराचा चार्ज त्यापुढे किरकोळ. म्हणून दोन्हीकडे, एकाच वेळी (दर दिवसभर हलतो), एवढेच विचारा: खात्यातून एकूण किती रुपये कापाल आणि तिकडे किती युरो पोहोचतील? दरात घासाघीस चालते, लाजू नका.

स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, जाणाऱ्या पैशातून वाटेतली मध्यस्थ बँकही आपला वाटा कापू शकते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम कमी पडली तर व्हिसाचे काम अडते. तेव्हा ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) भरताना सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'अवर', हा पर्याय मागा आणि थोडे युरो जास्तच पाठवा.

टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो आयकर, तोही समजून घ्या. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. पुढे लागतो तोही फक्त वरच्या रकमेवर. शिक्षणकर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे असेल तर अजिबात नाही. आईवडिलांनी आपापल्या खात्यातून निम्मेनिम्मे पाठवले तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी. आणि टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो.

मुलीच्या परदेशातल्या एमबीबीएसची फी एजंट स्वतःच्या खात्यात रुपयांत मागतो. 'डॉलरचं मी बघतो' म्हणतो. – शिरपूर

देऊ नका. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात, बँकेतून, मुलीचे नाव आणि प्रवेशक्रमांक टाकून पाठवा, आणि बँकेकडून पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट संदेशाची (जुने नाव एमटी-१०३) प्रत घ्या. उद्या विद्यापीठ 'फी आलीच नाही' म्हणाले तर तोच तुमचा पुरावा. एजंट डॉलर कुठून आणणार हे तुम्हाला कळणारही नाही. हवाला निघाला तर फेमा या परकीय चलन कायद्याचे लचांड मागे लागेल. मर्यादेची भीती घालत असेल तर सांगा, रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू देते.

चीनहून मशीनचे सुटे भाग मागवतो. सप्लायरचा ईमेल आलाय: बँक बदलली, आता पैसे नव्या खात्यात टाका. – एक उद्योजक, जळगाव एमआयडीसी

थांबा. ईमेलला उत्तर देऊ नका, त्यातल्या नंबरवर फोनही नको. तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर त्याच माणसाशी बोला. सप्लायर चीनचा आणि खाते तिसऱ्याच देशातले, हे तर फसवणुकीचे नेहमीचे लक्षण. स्विफ्टने गेलेला पैसा परत आणणे फार कठीण असते. शिवाय माल आला नाही तर बिल ऑफ एंट्री (माल आयात झाल्याचा कस्टमचा कागद) नाही, आणि बँक त्या कागदासाठी तुमच्याच मागे लागेल.

मोबाईल ॲपवर फॉरेक्स ट्रेडिंगसाठी डॉलर पाठवता येतात का? – अमळनेर

नाही. ट्रेडिंगच्या मार्जिनसाठी (सौद्याच्या अनामतीसाठी) देशाबाहेर पैसे पाठवायला परवानगीच नाही, आणि अनधिकृत ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यूपीआयने कुणाच्या खात्यात पैसे टाकून बसला असाल, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.