कुपीत नेमकं काय आहे? अल्फा-सिन्यूक्लिनबद्दल वाचकांचे प्रश्न

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या टोकांपाशी मुबलक सापडणारं हे 140 अमिनो आम्लांचं प्रथिन. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतल्या ल्युई बॉडी (चेतापेशींत साचणारे गोळे) प्रामुख्याने त्याच्याच बनलेल्या असतात, हे 1997 मध्ये दिसलं. प्रयोगशाळेत येणारं प्रथिन बहुधा मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून तयार केलेलं असतं. या वेळच्या पत्रांत त्याच्याचबद्दल विचारणा जास्त होती.

लेबलवर 14.5 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) लिहिलंय, पण प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्याचा पट्टा (बँड) 18 च्या आसपास येतो. चुकीचं प्रथिन आलंय का?

नाही, हे प्रथिन तिथेच धावतं. त्याचं शेवटचं टोक फार आम्लधर्मी आहे, त्यामुळे जेलसाठी वापरलं जाणारं एसडीएस हे डिटर्जंट त्याला नीट चिकटत नाही. खात्री हवी तर रेणूचं अचूक वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये 14,460 डाल्टन शोधा. शेजारी 14,400 चं शिखर दिसलं तर मात्र थांबा. 136 व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाचा टीएसी कोडॉन (जनुकातला तीन अक्षरी संकेत) ई. कोलाय कधीकधी सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा म्हणून वाचतो. मूळ प्रथिनात सिस्टीन एकही नाही. असे दोन चुकीचे रेणू जोडले गेले की जेलवर डायमर (जोडरेणू) दिसतो आणि लोकांना उगाच नवा शोध लागल्यासारखं वाटतं. सिस्टीनमधला बंध तोडणारं डीटीटी घातल्यावर तो नाहीसा झाला, तर कारण हेच. जिवाणूत जनुक नेणाऱ्या प्लाझमिड या डीएनएच्या वलयात टीएसीऐवजी टीएटी केलं की प्रश्न मिटतो.

थायोफ्लेविन-टीचा (प्रथिनाचे गठ्ठे जमले की चमकणाऱ्या रंगाचा) वक्र एका वेळी दहा तासांत चढतो, तर दुसऱ्या वेळी दोन दिवस हलत नाही. कुपी तीच, बफर तोच.

कुपी तीच असली तरी आतलं प्रथिन त्याच अवस्थेत आहे कशावरून? सुकवलेली पूड विरघळवली की त्यात आधीच जमलेले बारीक गठ्ठे असू शकतात आणि तेच विरजणासारखं काम करतात. म्हणून प्रयोगाच्या दिवशीच द्रावण 100 किलोडाल्टनच्या फिल्टरमधून काढा किंवा अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये अतिवेगाने फिरवून वरचंच घ्या. सांद्रता त्यानंतर मोजा, आधी मोजलेल्या आकड्याचा उपयोग नाही. 280 नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारी अमिनो आम्लं या प्रथिनात थोडीच: ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन फक्त चार. त्या प्रकाशाला शोषण-गुणांक 5,960 धरला तर 1 मिग्रॅ/मिलि द्रावणाचं शोषण जेमतेम 0.41 येतं. ब्रॅडफर्ड या रंगचाचणीचा आकडा इथे फसवा ठरू शकतो, मी तो धरत नाही.

मग प्रयोगाची प्लेट (खळग्यांची तबकडी) बघा. हलवण्याचा वेग, वेलमध्ये (खळग्यात) मणी आहे की नाही, वर किती हवा आहे, कडेच्या वेलमधलं पाणी उडतंय का, या सगळ्यांनी लॅग, म्हणजे वक्र चढण्याआधीचा थांबा, बदलतो. उरलेलं द्रावण पुन्हा गोठवून परत वापरू नका. पहिल्याच दिवशी छोटे ॲलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करा. एवढं करूनही वेलगणिक थोडा फरक राहतोच, कारण पहिला गठ्ठा कधी जमेल हा बराचसा योगायोगाचा भाग. तीन वेलवर निष्कर्ष काढणाऱ्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

वडिलांना पार्किन्सन्स आहे. इंटरनेटवर हे 'मानवी प्रथिन' विकत मिळतं. ते देऊन उपयोग होईल का?

नाही, अजिबात देऊ नका. ते प्रयोगशाळेपुरतं आहे, माणसाला द्यायचं औषध नव्हे. शिवाय या आजारात ते प्रथिन कमी पडलेलं नसतं. ज्या घराण्यांत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, तिथे उलट आजारच होतो. असं 2003 मध्ये एका कुटुंबात आढळलं. चालू गोळ्यांबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

मायक्रोग्लियावर (मेंदूतल्या संरक्षक पेशींवर) या प्रथिनाचे फायब्रिल (गठ्ठ्यांचे तंतू) घातले की टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू खूप वाढतो. परिणाम खरा मानू का?

आधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला एलपीएस हा घटक, मोजा. प्रथिन ई. कोलायमधून आलंय, आणि मायक्रोग्लिया चिमूटभर एलपीएसनेही खवळतात. नियंत्रण म्हणून नुसता बफर पुरत नाही. त्याच बॅचमधलं मोनोमर (गठ्ठा न झालेलं सुटं प्रथिन) तितक्याच मात्रेत घ्या. 'उकळून निष्क्रिय केलेलं' प्रथिन इथे कामाचं नाही. एलपीएस उकळण्याला दाद देत नाही आणि मोनोमरही देत नाही, किंबहुना शुद्धीकरणात ते मुद्दाम उकळलं जातं.

फायब्रिल वापरण्याआधी सॉनिकेट केलेत (ध्वनिलहरींनी तोडून बारीक केलेत) ना? आणि ते फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवू नका, थंडीत ते सुटू लागतात. सांडले तर नुसत्या अल्कोहोलने पुसून भागत नाही, 1 टक्का एसडीएसने पुसा.