हाऊस शॉटवरचा 300 खरा धरायचा का?

बोलिंगच्या लीगमध्ये तुमचा पहिला 300 पडला (परफेक्ट गेम: सलग बारा स्ट्राइक, म्हणजे दर वेळी पहिल्याच बॉलला दहाही पिना खाली) आणि शेजारच्या लेनवरचे आजोबा म्हणाले, "हल्ली काय, कुणालाही पडतो." मनाला लावून घेऊ नका. पण आजोबा अगदीच चूकही नाहीत.

1968-69च्या हंगामात अमेरिकन बोलिंग काँग्रेस या संस्थेने 905 परफेक्ट गेम मान्य केले होते. 1998-99त 34,470, तेही खेळणारे कमी झालेले असताना! एवढ्यात माणसांचे हात काही बदलले नाहीत. बदलले बॉल (नव्वदीच्या सुरुवातीचं, लेनवर जास्त पकड घेणारं रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन) आणि बदललं लेनवर टाकायचं तेल.

हाऊस शॉट म्हणजे सेंटरवर रोजच्या खेळासाठी टाकलेलं तेल: मधे भरपूर, कडेला जेमतेम. बॉल बाहेर गेला तर कोरड्यात पकड घेऊन परत येतो. आत गेला तर तेलावर घसरतो, जास्त वळत नाही. म्हणजे दोन्हीकडच्या चुका पाटातल्या पाण्यासारख्या पॉकेटकडेच (पुढच्या पिनेच्या बाजूची, स्ट्राइक पडायची जागा) वाहतात. स्पोर्ट पॅटर्नवर, म्हणजे तेलाच्या अवघड मांडणीवर, मधल्या आणि कडेच्या तेलाचं प्रमाण फार तर 3:1. तिथे जरासं चुकलं की स्प्लिट (एकमेकींपासून लांब उरलेल्या पिना) समोर उभा. मी एक हंगाम खेळून पाहिलं: 207ची सरासरी 181वर आली.

पाटा खेळपट्टीवरचं शतकही शतकच असतं, पण ती खेळपट्टी सगळ्यांना दिसते, आणि ऐकणारा मनातल्या मनात वजावट करतो. लेनवरचं तेल दिसत नाही. स्कोअरशीटवर उरतो नुसता 300.

मान्यता देणाऱ्यांनाही हे जड गेलंय. 1 जुलै 1982ला कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रात 52 वर्षांच्या ग्लेन अ‍ॅलिसनने सलग तीन 300 टाकले, 36 स्ट्राइक. लेन नियमात बसत नाहीत म्हणून बोलिंग काँग्रेसने तो 900 नाकारला. पहिला मान्य 900 जेरेमी सॉनेनफेल्डचा, 1997चा, लिंकन, नेब्रास्कातला. सॉनेनफेल्डचा यात काही दोष नाही. पण अ‍ॅलिसनकडे रेझिनचा बॉल नव्हता, आणि मान्यता देताना बॉलची वजावट कुणी केली नाही. मला हा हिशेब आजही पटत नाही. अ‍ॅलिसनचा 900 मी मोजतो.

तुमचा 300ही मोजतो. बारा वेळा पिना तुम्हीच पाडल्यात, आणि बाराव्या बॉलला हात थरथरतो तो कुठल्याही तेलावर थरथरतोच. फक्त काउंटरवरून त्या दिवशीच्या तेलाच्या पॅटर्नचा कागद मागून घ्या, स्कोअरशीटला जोडून ठेवा. आजोबांना दोन्ही दाखवा.