अडतिसाव्या वर्षी आयटीआयत वेल्डर ट्रेड? घ्या!

वयाचं आधी मनातून काढा. आयटीआयला किमान वय 14 आहे, कमाल मर्यादा नाही. वेल्डर ट्रेड 1 वर्षाचा, आठवी पासवरही चालतो. मी छत्तिशीत बसलो तेव्हा पोरं 'काका' म्हणायची. महिन्याभरात तीच पोरं टॅक (जोड जागेवर धरणारा छोटा टाका) मारताना माझा जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, धरायला यायची.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पँट बुटांच्या आत खोचू नका, वरून सोडा.
- वेल्डिंगच्या काळ्या काचेशिवाय आर्ककडे (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झगझगाटाकडे) 'जरा बघू' म्हणून पाहायचं नाही. त्या वेळी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं नि झोप उडते. स्लॅग (जोडावर जमलेली कडक खपली) झाडतानाही पांढरा चष्मा हवाच.
- हात बसेपर्यंत 6013 नंबरचा 3.15 मिमी जाडीचा वेल्डिंग रॉड आणि सपाट पट्टी. रॉडचं टोक नि पत्रा यांत साधारण रॉडच्या जाडीइतकंच अंतर. रॉड जळून आखूड होत जातो, तसा हात खाली यायला हवा. नवखे इथेच चुकतात: हात तिथेच राहतो, आर्क लांबतो, छर्रे उडतात, मग मशीनचा करंट वाढवत बसतात.

नजर झगझगाटावर नको, मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा.

थिअरी आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशन टाळू नका, आपल्या वयाची माणसं तिथेच अडकतात. टिग-मिग या वेल्डिंगच्या दुसऱ्या पद्धतींचं नंतर बोलू. नोकरी सोडायच्या आत हजेरीचा नियम मात्र विचारून घ्या.